एफसी पुणे सिटी: सर्वोत्तम हंगामानंतर दीड वर्षाच्या आत पुण्याचा फुटबॉल संघ बंद कसा झाला?

खराडीतली ऑफिसं सुटली की आसपासच्या टर्फवर दिवे लागतात. तासाच्या हिशेबाने मैदान भाड्याने घेऊन पाच-पाच, सात-सात जणांचे संघ फुटबॉल खेळतात. अंगावर जर्सी असतात मँचेस्टर युनायटेडच्या, बार्सिलोनाच्या, फार तर केरला ब्लास्टर्सच्या. पुण्याच्या संघाची जर्सी क्वचितच दिसते, कारण देशातल्या वरच्या दोन व्यावसायिक लीगमध्ये आज पुण्याचा एकही संघ नाही.

काही वर्षांपूर्वी चित्र वेगळं होतं. ७ मार्च २०१८ ला बालेवाडीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीचा सामना झाला. एका बाजूला सुनील छेत्रीचा बंगळुरू एफसी, तर दुसऱ्या बाजूला नारिंगी जर्सीतला एफसी पुणे सिटी. पुण्याचा संघ पहिल्यांदाच इथवर पोहोचला होता. मात्र त्यानंतर दीड वर्षही उलटलं नाही आणि हा संघ लीगमधून नाहीसा झाला.

मैदानावर सगळ्यात चांगली कामगिरी करणारा संघ इतक्या लवकर बंद का पडला? आणि पुण्यातले बाकीचे क्लब कुठे गेले?

एफसी पुणे सिटी हा संघ कोणाचा होता?

आयएसएल सुरू झाली ऑक्टोबर २०१४ मध्ये. त्याआधी डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) आयएमजी-रिलायन्ससोबत १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला होता. या करारातूनच पुढे नवी लीग उभी राहिली. क्रिकेटच्या आयपीएलप्रमाणे इथेही शहरांच्या नावाने फ्रँचायझी दिल्या गेल्या. पहिल्या हंगामात आठ संघ होते आणि पुणे त्यातलं एक.

पुण्याच्या संघाची मालकी वाधवान समूहाकडे होती. सुरुवातीला अभिनेता हृतिक रोशन सहमालक होता, तर २०१७ मध्ये अर्जुन कपूर सहमालक झाला. इटलीतल्या फिओरेंटिना क्लबशी भागीदारी होती. पहिल्याच हंगामात फ्रान्सचा विश्वविजेता आघाडीपटू डेव्हिड ट्रेझेगे पुण्याकडून खेळला. दुसऱ्या हंगामात इंग्लंडचा माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट प्रशिक्षक होता, तर तिसऱ्या हंगामात स्पेनचे अंतोनिओ हबास. हबास यांनी त्याआधी कोलकात्याच्या संघाला विजेतेपद मिळवून दिलं होतं.

नावं मोठी असली तरी निकाल बेताचेच राहिले. आठ संघांच्या लीगमध्ये पुणे २०१४ मध्ये सहावा, २०१५ मध्ये सातवा आणि २०१६ मध्ये पुन्हा सहावा आला. तीन हंगामांत एकदाही उपांत्य फेरी गाठता आली नाही.

२०१७-१८ चा हंगाम वेगळा का होता?

या हंगामात लीगच बदलली. बंगळुरू एफसी आणि जमशेदपूर एफसी हे दोन संघ वाढल्याने संघांची संख्या १० झाली. आधी अडीच-तीन महिन्यांत उरकणारी स्पर्धा आता नोव्हेंबर ते मार्च अशी चालणार होती. प्रत्येक संघाला साखळी फेरीत १८ सामने होते. मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त पाचच परदेशी खेळाडू उतरवता येणार होते, म्हणजेच किमान सहा भारतीय खेळाडू असणं भाग होतं. त्यामुळे ज्याच्याकडे चांगले भारतीय खेळाडू, तो संघ वर राहणार हे उघड होतं.

पुण्याची सुरुवात मात्र गोंधळातच झाली. हंगाम दोन महिन्यांवर आला असताना हबास यांनी संघ सोडला. त्यांच्या जागी सर्बियाचे रांको पोपोविच आले. जपान, स्पेन आणि थायलंडमधल्या क्लबांना प्रशिक्षण दिल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

खेळाडूंच्या खरेदीत मात्र पुण्याने बाजी मारली होती. २०१६ च्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा ब्राझीलचा मार्सेलिन्हो दिल्लीहून आणला गेला. आधी नॉर्थईस्ट युनायटेडकडून खेळलेला उरुग्वेचा आघाडीपटू एमिलियानो अल्फारोही आला. त्यांच्या जोडीला ब्राझीलचे दिएगो कार्लोस आणि जोनातन लुका होते. भारतीय खेळाडूंमध्ये हिमाचलचा गोलरक्षक विशाल कैथ, गोव्याचा आदिल खान, बंगालचा सार्थक गोलुई आणि केरळच्या मलप्पुरमचा आशिक कुरुनियन ही प्रमुख नावं होती.

हंगाम कसा गेला?

- २२ नोव्हेंबर २०१७ ला घरच्या मैदानावर दिल्ली डायनामोजकडून २-३ असा पराभव झाला.
- चारच दिवसांनी कोलकात्यात जाऊन गतविजेत्या एटीकेला ४-१ ने हरवलं.
- २९ नोव्हेंबरला महाराष्ट्राच्या डर्बीत मुंबई सिटीवर २-१ ने विजय मिळवला.
- डिसेंबरमध्ये बंगळुरूकडून हार पत्करावी लागली, पण गोव्यात जाऊन एफसी गोवाला २-० ने नमवलं.
- ३० डिसेंबरला बालेवाडीत नॉर्थईस्ट युनायटेडचा ५-० असा धुव्वा उडवला. त्या सामन्यात मार्सेलिन्होने हॅटट्रिक केली.

नव्या वर्षात पंचांवर केलेल्या टीकेमुळे एआयएफएफने पोपोविच यांच्यावर काही सामन्यांची बंदी घातली. तरीही संघाची घडी विस्कटली नाही. साखळी फेरी संपली तेव्हा पुण्याच्या खात्यात १८ सामन्यांत ९ विजय, ३ बरोबरी, ६ पराभव आणि ३० गुण होते. बंगळुरू (४०) आणि चेन्नईयिन (३२) पुढे होते. गोव्याचेही ३० च गुण होते, पण तो संघ तिसरा राहिला. पुणे चौथा आला आणि उपांत्य फेरीत पोहोचला.

पुण्याने केलेल्या ३० गोलांपैकी १७ गोल दोघांचेच होते. अल्फारोचे ९ आणि मार्सेलिन्होचे ८. बचावही दुबळा नव्हता. १८ सामन्यांत पुण्यावर २१ गोल झाले.

उपांत्य फेरीत काय झालं?

उपांत्य फेरीत दोन सामने होते, एक घरच्या मैदानावर आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या. दोन्ही सामन्यांतले गोल मिळवून विजेता ठरणार होता.

बालेवाडीतला पहिला सामना ०-० असा सुटला. साखळीत सगळ्यांच्या पुढे असलेल्या संघाला गोल करू न देणं ही छोटी गोष्ट नव्हती. पण घरच्या प्रेक्षकांसमोर पुण्यालाही गोल करता आला नाही आणि ते महागात पडलं.

११ मार्चला बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर परतीचा सामना झाला. सुनील छेत्रीने पूर्वार्धातच पहिला गोल केला. उत्तरार्धात पेनल्टीवर दुसरा गोल झाला. शेवटची काही मिनिटं उरली असताना जोनातन लुकाने फ्री किकवर गोल करून पुण्याच्या आशा जिवंत ठेवल्या. त्या क्षणी पुण्याला आणखी एका गोलाची गरज होती. पण छेत्रीने अखेरीस तिसरा गोल करत हॅटट्रिक पूर्ण केली. बंगळुरू ३-१ ने जिंकला. पुढे अंतिम सामन्यात बंगळुरूला त्यांच्याच मैदानावर हरवून चेन्नईयिनने विजेतेपद मिळवलं.

पुण्याच्या चाहत्यांना हा शेवट वाटला नव्हता. संघ तरुण होता, पहिल्यांदाच बाद फेरीत पोहोचला होता आणि पुढच्या वर्षी यापुढे जाईल अशी अपेक्षा होती.

मग दीड वर्षात असं काय झालं?

पोपोविच पुढच्या हंगामासाठी राहिले नाहीत. २०१८-१९ मध्ये स्पेनचे मिगेल आंखेल पोर्तुगाल प्रशिक्षक झाले, पण पहिल्या तीन सामन्यांनंतरच त्यांना जावं लागलं. काही काळ प्रद्युम रेड्डी यांनी संघ सांभाळला आणि मग इंग्लंडचे फिल ब्राउन आले. एका हंगामात तीन प्रशिक्षक झाले आणि संघ सातव्या स्थानावर घसरला.

मैदानाबाहेरची परिस्थिती याहून गंभीर होती. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही कंपनी कर्जफेडीत चुकली आणि देशातल्या बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांना पैसे उभे करणं अवघड झालं. वाधवान कुटुंबाची गृहकर्ज कंपनी डीएचएफएल याच काळात संकटात सापडली. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त करून कंपनीला दिवाळखोरी प्रक्रियेत पाठवलं.

क्लबचा निर्णय त्याआधीच झाला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पुण्याच्या जागी हैदराबाद एफसी हा नवा संघ आयएसएलमध्ये खेळणार असल्याचं जाहीर झालं. त्याच महिन्यात दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेला आणि त्याचं नाव ओडिशा एफसी झालं. एकाच उन्हाळ्यात दोन शहरांनी आपला संघ गमावला.

खेळाडूंचं काय झालं?

मार्सेलिन्हो, आदिल खान, आशिष राय, निखिल पुजारी आणि प्रशिक्षक फिल ब्राउन हैदराबादला गेले. आशिक कुरुनियन बंगळुरूकडे, विशाल कैथ चेन्नईयिनकडे आणि सार्थक गोलुई मुंबई सिटीकडे गेला.

आशिकचं जाणं पुणेकरांना विशेष लागलं, कारण तो पुण्याच्या अकादमीत घडलेला खेळाडू होता. जानेवारी २०१९ मध्ये एएफसी आशियाई चषकात तो भारताकडून खेळला, तेव्हा तो पुण्याच्याच संघात होता.

पुढे २० मार्च २०२२ ला हैदराबाद एफसीने केरला ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून आयएसएल जिंकली. विजेत्या संघात पुण्याकडून खेळलेले आशिष राय आणि निखिल पुजारी होते. कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता.

पुण्यात आधीचे क्लब नव्हते का?

होते, आणि एक नव्हे तर तीन. २०१४-१५ मध्ये पुण्यात एकाच वेळी तीन व्यावसायिक क्लब होते आणि चौथा लगेच येणार होता.

- पुणे एफसी: अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये स्थापन केलेला क्लब. २००९ मध्ये द्वितीय श्रेणीतून आय-लीगमध्ये बढती मिळाली. पहिल्याच हंगामात तिसरा आणि २०१२-१३ मध्ये उपविजेता. २०१४ मध्ये एएफसी चषकात खेळला. २०१५ मध्ये बंद झाला आणि त्याची अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली.
- भारत एफसी: कल्याणी समूहाचा क्लब. २०१४-१५ चा एकच आय-लीग हंगाम खेळला, शेवटचा आला आणि पुढच्या हंगामाआधी माघार घेतली.
- डीएसके शिवाजीयन्स: १९८७ पासूनचा पुण्यातला जुना क्लब. डीएसके समूहाच्या पाठबळावर २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम आय-लीगमध्ये खेळला. लिव्हरपूल क्लबसोबत अकादमीही चालवली. समूह आर्थिक अडचणीत आल्यावर व्यावसायिक संघ संपला.
- एफसी पुणे सिटी: वाधवान समूहाचा क्लब. २०१४ ते २०१९ असे पाच हंगाम आयएसएलमध्ये.

या यादीत उपविजेता संघ आहे, शेवटचा आलेला आहे आणि उपांत्य फेरी गाठलेलाही आहे. शेवट मात्र चौघांचाही सारखाच झाला. चारही क्लब एकेका उद्योगसमूहाच्या पैशावर उभे होते. समूहाने हात आखडता घेतला किंवा समूहच अडचणीत आला, की क्लब संपला.

प्रेक्षक येत नव्हते म्हणून संघ बंद पडला का?

पुण्यात फुटबॉल चालत नाही, असं अनेकदा म्हटलं जातं. ते अर्धवट खरं आहे.

अडचणी होत्याच. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी उभारलं गेलं. ते राज्य सरकारचं आहे, क्लबचं नव्हतं. शिवाय ते शहराच्या पश्चिम टोकाला आहे आणि खराडी पूर्व टोकाला. खराडीतून निघालेल्या चाहत्याला नगर रोड, येरवडा, विद्यापीठ चौक, बाणेर असं सुमारे वीस किलोमीटर अंतर संध्याकाळच्या गर्दीत कापावं लागायचं. सामना रात्री आठला असला की साडेपाच-सहालाच ऑफिसातून निघणं आलं. सामना संपल्यावर तेवढाच प्रवास उलटा. तेव्हा पुण्यात मेट्रो नव्हती. शहरातली पहिली मेट्रो धावली मार्च २०२२ मध्ये आणि खराडीजवळच्या रामवाडीपर्यंत ती पोहोचली मार्च २०२४ मध्ये.

तरीही ‘ऑरेंज आर्मी’ हा चाहत्यांचा गट झेंडे आणि ढोल घेऊन स्टँडमध्ये उभा असायचा. केरळ, बंगाल, गोवा, ईशान्य भारत अशा फुटबॉलवेड्या भागांतून नोकरी-शिक्षणासाठी आलेली हजारो मुलं-मुली पुण्यात राहतात. प्रेक्षक नव्हते असं म्हणता येत नाही.

मुख्य मुद्दा पैशांच्या गणिताचा आहे. आयएसएलमधल्या क्लबला खेळाडू आणि प्रशिक्षकांचं मानधन, विमानप्रवास, हॉटेल, मैदानाचं भाडं, अकादमी आणि वर लीगला द्यायचं फ्रँचायझी शुल्क असा खर्च असतो. उत्पन्न येतं लीगच्या मध्यवर्ती महसुलातल्या वाट्यातून, जर्सीवरच्या जाहिरातींतून आणि तिकिटांतून. यात तिकिटांचा वाटा छोटा असतो. खर्च आणि उत्पन्न यांतली तूट दरवर्षी मालक भरतो. त्यामुळे स्टँड भरलेला असला, तरी मालकाने तूट भरणं थांबवलं की क्लब चालत नाही.

इतर देशांत काय होतं?

इंग्लंडमध्येही क्लब दिवाळखोरीत निघतात. पण तिथे खालून वर लीगची उतरंड आहे. मोडलेला क्लब खालच्या श्रेणीतून पुन्हा उभा राहू शकतो आणि जिंकत वर येऊ शकतो. जर्मनीत ‘५० अधिक १’ असा नियम आहे. मोजके अपवाद सोडले, तर क्लबमध्ये बहुमताचा अधिकार सदस्यांकडे, म्हणजे सामान्य चाहत्यांकडे राहतो. गुंतवणूकदार पैसे घालू शकतो, पण एकट्याच्या मर्जीने क्लब बंद करू शकत नाही.

२०१९ मध्ये आयएसएलमध्ये यातलं काहीच नव्हतं. खालून वर येण्याची वाट नव्हती आणि चाहत्यांना मताचा अधिकार नव्हता. लीगमधली जागा फ्रँचायझीची होती. ती पुण्याकडून गेली आणि हैदराबादला मिळाली. पुढे हैदराबादही आर्थिक अडचणीत आलं. २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला हलवला गेला आणि ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला.

महाराष्ट्रात याहून वेगळं उदाहरण आहे का?

आहे, आणि त्यासाठी जर्मनीला जायची गरज नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ असे संघ वर्षानुवर्षं खेळत आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यांना हजारोंची गर्दी होते. हे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. त्यांचा पैसा देणगीदार, स्थानिक नेते आणि पेठेतल्या लोकांकडून येतो. एखादा देणगीदार बाजूला झाला तरी संघ बंद होत नाही, कारण तो त्या देणगीदाराचा नसतोच.

याला मर्यादाही आहेत. कोल्हापूरचे हे संघ देशपातळीवरच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत नाहीत. तेवढा खर्च पेठेच्या वर्गणीतून उभा राहणं कठीण आहे. अनिकेत जाधवसारख्या गुणी खेळाडूला पुढे जायचं, तर कोल्हापूर सोडावं लागतं. थोडक्यात, कोल्हापूरकडे टिकणारे संघ आहेत पण मोठी लीग नाही, तर पुण्याला मोठी लीग मिळाली पण संघ टिकला नाही.

पुण्याला पुन्हा संघ मिळू शकतो का?

कागदावर दोन वाटा आहेत. पहिली, एखाद्या गुंतवणूकदाराने आयएसएलची फ्रँचायझी घेणं. पुण्यात याआधी तेच झालं होतं. दुसरी, खालून वर येणं. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळू लागली. याच वाटेने २०२३ मध्ये पंजाब एफसी आणि २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग वर आला. आय-लीगच्या खालीही दुसरी आणि तिसरी श्रेणी आहे. म्हणजे पुण्याच्या स्थानिक लीगमधला एखादा क्लब तत्त्वतः वरपर्यंत जाऊ शकतो.

२०२५ मध्ये मात्र वरची लीगच डळमळीत झाली. एआयएफएफचा २०१० मधला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता आणि त्याच्या नूतनीकरणाचा प्रश्न न सुटल्याने २०२५-२६ चा आयएसएल हंगाम वेळेवर सुरू झाला नाही. पुण्याने जे २०१९ मध्ये पाहिलं, त्या अनिश्चिततेचा अनुभव तेव्हा इतर शहरांतल्या चाहत्यांनीही घेतला.

एफसी पुणे सिटीचा २०१७-१८ चा हंगाम ९ विजय, ३० गुण आणि बालेवाडीतला ०-० असा नोंदीत राहील. पुढच्या वेळी पुण्याच्या नावाने एखादा संघ जाहीर झाला, तर प्रशिक्षक कोण आणि परदेशी खेळाडू कोण याच्या आधी पुणेकरांनी एक प्रश्न विचारायला हवा: मालकाने उद्या तूट भरणं थांबवलं, तर हा संघ कोणाचा राहील?